पोटावरच्या पट्ट्यांचं गाऱ्हाणं

अनंत चतुर्दशीनंतर चार दिवसांनी आलेलं ते पत्र तुळशीदास धुरींनी तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना मधल्या एका ओळीखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली, आणि मग उत्तरच दिलं नाही.

खरं तर तुळशीदास उत्तर न देणाऱ्यातले नव्हते. घाटकोपरच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेली. मासिकाची वर्गणी संपल्याची छापील सूचना आली तरी ते 'आपले पत्र पावले, आभारी आहे' असं कार्ड टाकत. मुलुंड पूर्वेच्या पोस्टात तर त्यांना नावाने ओळखत. त्यांच्याइतकी कार्डं आता कोणी घेत नसे.

पत्र गावाहून होतं. नेरवंड्याच्या श्री देव रवळनाथ देवस्थानाचे चिटणीस, म्हणजे तुळशीदासांचे चुलतभाऊ भाऊ धुरी, यांनी लेटरहेडवर कळवलं होतं की, पालखीचा पुढचा खांदा यंदा त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेपासून धुरी घराण्याकडे, आणि थोरल्या पातीचे म्हणून तुळशीदासांकडे, येत आहे. मानाची घराणी सात, प्रत्येकाकडे तीन-तीन वर्षं, म्हणजे एकदा पाळी गेली की परत यायला एकवीस वर्षं. 'तुमचा होकार पाडव्यापर्यंत लेखी यावा. फोनवरचा होकार धरला जाणार नाही. मागे फोनवर दोघांना होकार दिला गेल्याने पालखीस तीन पुढचे खांदे झाले होते, हे आपणांस स्मरत असेलच. होकार न आल्यास मान खालच्या वाडीकडे जाईल.'

तुळशीदास सदुसष्ट वर्षांचे. एकवीस मिळवले की अठ्ठ्याऐंशी. त्या वयात पालखी उचलायची नसते, पालखीत बसायची वेळ येते, असा एक विनोद त्यांना सुचला. पण तो सांगावा असं कोणी जवळ नव्हतं, आणि तो बरा आहे की नाही याचीही खात्री नव्हती.

मागच्या पाळीला वडील होते. गिरणीतून केव्हाच निवृत्त झालेले, वय बहात्तर, अंगात नुसती हाडं आणि शिरा. तरी देवळापासून सड्यापर्यंत, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळापर्यंत, त्यांनी खांदा बदलला नव्हता. तुळशीदास मागून चालत होते, शर्ट-पँटमध्ये, हातात वडिलांच्या वहाणा धरून. त्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. पुढच्या खेपेला आपण. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण आपल्याबद्दल अशा गोष्टी बोलायच्या असतात हेच त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

आणि पेन्सिलीची रेघ होती ती या ओळीखाली: 'मानकऱ्याने सोवळ्याने, उघड्या अंगाने खांदा द्यावयाचा आहे.'

उघड्या अंगाने. इथे सगळं अडलं.

चौदा महिन्यांपूर्वी तुळशीदासांचं वजन शहाण्णव किलो होतं. मग साखर निघाली, डॉक्टरांनी दम भरला, आणि तुळशीदासांनी दम दिलेल्या विद्यार्थ्यासारखं निमूट पथ्य पाळलं. सव्वीस किलो उतरले. पोट गेलं, पण जाताना मागे पट्टे ठेवून गेलं. कमरेच्या दोन्ही बाजूंनी बेंबीकडे निघालेल्या पांढरट, चकाकत्या रेघा. दंडांवर थोड्या. ओल लागलेलं पुस्तक वाळल्यावर त्याची पानं जशी दिसतात, तसं त्यांना आरशात आपलं पोट दिसे. असं पुस्तक त्यांनी वाचनालयात कधी शेल्फावर लावलं नव्हतं. दुरुस्तीच्या कपाटात टाकलं होतं. आता दुरुस्तीलाच आपण निघालो आहोत, आणि हातात पाडव्यापर्यंतची मुदत आहे, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं.

पहिला प्रयत्न अल्पेशच्या औषधाच्या दुकानात. दुकानात दुपारी कोणी नसतं असा अभ्यास करून ते दुपारी गेले, तर नेमके तीन जण.

"अल्पेशभाई," तुळशीदास काउंटरवर वाकून म्हणाले, "त्वचेवर ताणाच्या रेषा पडतात ना, त्यावर काही?"

"ताण? झोप नाही लागत काय काका?"

"नाही, तसा नव्हे. स्ट्रेच मार्क्स." हे दोन शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारले की अल्पेशला ते ओठांवरून वाचावे लागले.

"अच्छा, स्ट्रेच मार्क्स," अल्पेश सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला. "किती महिने झाले?"

"चौदा."

अल्पेशने काढलेली ट्यूब परत खाली ठेवली. "काका, चौदा महिने झाले तर क्रीम नका लावू. तिला लगेच हॉस्पिटलमध्ये न्या."

मागच्या रांगेतून कोणीतरी खोकलं. तुळशीदासांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, आणि आयुष्यात कधी न केलेली गोष्ट त्यांच्या हातून घडली. ते खोटं बोलले.

"माझ्या मित्रासाठी हवंय. पुरुष आहे तो. बोरिवलीला असतो."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की गरजेपेक्षा जास्त तपशील देतो. बोरिवलीची काही गरज नव्हती. पण ती आली, आणि मागे खोकलेले गृहस्थ म्हणजे त्यांच्याच मजल्यावरचे नंदकुमार निघाले.

नंदकुमार हे सल्ला देण्यासाठीच निवृत्त झालेले गृहस्थ. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दारात उभे.

"काय रे धुरी, तुझ्या बोरिवलीवाल्याचं काय? किती वर्षांचा आहे?"

"माझ्याच वयाचा."

"आणि एवढं मनावर घेतलंय त्याने? एकटाच राहतो काय? मुलं बघत नाहीत?"

"मुलं बाहेर असतात," तुळशीदास म्हणाले. म्हणजे आता मित्राला मुलंही झाली.

"त्याला सांग, कॉफीची पूड, साखर, खोबरेल. चोळायचं रोज, झकास. माझ्या साडूने केलं होतं."

"त्यांचे गेले?"

"साडू गेला. पट्ट्यांचं विचारलं नाही कोणी."

आठवड्याभरात 'बोरिवलीवाला' अख्ख्या नवचैतन्य सोसायटीचा झाला. जिन्यात, लिफ्टमध्ये, पाण्याच्या टाकीवरच्या बैठकीत त्याची चौकशी होऊ लागली. कोणी त्याच्यासाठी कोरफडीची कुंडी पाठवली. कोणी कांद्याच्या रसाची शिफारस केली. एकांनी तर त्याच्यासाठी स्थळही सुचवलं, कारण बिचारा एकटा असतो. आजवर सोसायटीत तुळशीदासांशी लोक 'काय, बरं आहे ना' याच्या पुढे कधी बोलले नव्हते. न जन्मलेल्या मित्रामुळे ते एकदम बोलते झाले. तुळशीदासांना त्या माणसाचा थोडा हेवाही वाटू लागला.

या सगळ्या वस्तू बोरिवलीला जात नव्हत्या हे उघड आहे. त्या न्हाणीघराच्या दाराला आतून कडी लागल्यावर तुळशीदासांच्या पोटावर जात होत्या. कॉफी आणि साखरेमुळे मुंग्या आल्या. कांद्याच्या रसामुळे मथुराबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दोन दिवस स्वयंपाकघरातला कांदा नासलाय म्हणून शोधला.

तिसऱ्या मजल्यावरच्या राधाबाई मालवणच्या. त्यांनी मुठेल दिलं. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तूप, गावाकडे भेगाळलेल्या टाचांना लावतात. "हळद घालून गरम करून लावूक सांगा त्येंका," त्या म्हणाल्या. "टाच काय नि पोट काय, कातडीच ती."

तुळशीदासांनी प्रमाण विचारलं नाही. पुस्तकात प्रमाण दिलेलं असतं. माणसांना ते विचारायचं सुचत नाही, हा त्यांचा जुना दोष. त्यांनी तीन चमचे हळद घातली, लेप लावला, तासभर उभे राहिले, धुतला, आणि पांढरा बुशकोट घालून सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला गेले. ऑक्टोबरची सुरुवात व्हायला दोन-तीन दिवस उरलेले, पण उकाडा आधीच आलेला. पंखे दोन, माणसं ऐंशी. गच्चीच्या गळतीवर चर्चा तापली, तसं मुठेल वितळलं. इतिवृत्त वाचायला तुळशीदास उभे राहिले तेव्हा बुशकोटावर बेंबीच्या मध्यावरून चारी बाजूंना पसरणारा एक पिवळाधमक नकाशा उमटला होता.

"धुरी, काय सांडलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"आमटी," तुळशीदास म्हणाले.

"आतून?" नंदकुमार म्हणाले.

त्या रात्री घरगुती उपायांचं खातं त्यांनी बंद केलं. आता शास्त्राकडे.

शास्त्राचा दवाखाना घाटकोपरला होता. मुलुंडच्या डॉक्टरकडे ओळखीचं माणूस भेटेल, म्हणून पाच स्टेशनं लांबचा; कॉलेजातलं ओळखणारं आता तिथे कोणी उरलं नव्हतं. पण डॉक्टरांपर्यंत पोचण्याआधी मधे एक टॅब होता. स्वागतिकेने तो त्यांच्यापुढे सरकवला. फॉर्म भरल्याशिवाय नंबर लागत नाही. तुळशीदासांनी चौतीस वर्षं लोकांकडून फॉर्म भरून घेतले होते, त्यामुळे त्यांना फॉर्मबद्दल आदर होता. 'उपचाराचा प्रकार' या रकान्यात स्ट्रेच मार्क्स फक्त एकाच योजनेखाली सापडले, तिचं नाव 'नवमाता'. तिथे बोट ठेवलं की पुढची ओळ उघडे: प्रसूतीची तारीख. ती भरल्याशिवाय टॅब पुढे जाईना.

"ताई, हे मला लागू नाही," ते म्हणाले.

"सर, मॅन्डेटरी आहे ते. काहीतरी टाका ना. नाहीतर सबमिट होणार नाही."

'काहीतरी टाका' हे वाक्य ग्रंथपालाला सहन होत नाही. तुळशीदासांनी पाच मिनिटं विचार केला. आपल्या आयुष्यात आपण काय वागवलं आणि कधी मोकळे झालो, याचं प्रामाणिक उत्तर त्यांनी शोधलं, आणि निवृत्तीची तारीख टाकली. नऊ वर्षांपूर्वीचा एकतीस मे. मग मोबाइल नंबर. त्यांच्या फोनवर ओटीपी येईना, कारण तो फोन निवृत्तीच्या वेळी मिळालेला आणि अजून तेव्हाच्या काळातच वावरणारा. म्हणून त्यांनी मथुराबाईंचा नंबर दिला. त्यांना फोन करून आकडे विचारले आणि "वाचनालयाचं काम आहे" म्हणाले. खोटं आता सवयीने येऊ लागलं होतं.

डॉक्टर प्रांजल तिशीच्या, शांत. त्यांनी शर्ट वर करायला सांगितलं, पाहिलं, आणि पहिला प्रश्न केला, "काविळीची तपासणी केलीत का अलीकडे?"

हळदीचा खुलासा झाल्यावर त्यांनी जे सांगितलं ते तुळशीदासांनी कार्डावर टिपून घेतलं. हे पट्टे म्हणजे कातडीच्या आतल्या थरात पडलेल्या जुन्या चिरा. वजन झरझर वाढताना पडलेल्या, वजन उतरल्यावर उघड्या पडलेल्या. लालसर असतात तोवर त्यांच्यावर उपाय बरा चालतो, पांढरे झाले की अवघड. तेलाने कातडी मऊ होते, पट्टे जात नाहीत. रेटिनॉइडचं मलम आहे. बारीक सुयांनी कातडीला टोचून नवी घडण करवतात तो उपाय आहे. लेसर आहे, पण सावळ्या कातडीवर जपून, नाहीतर पांढऱ्याच्या जागी काळे डाग.

"आणि जातील केव्हा?" तुळशीदासांनी विचारलं.

"जाणार नाहीत, काका. फिके होतील. चार-पाच सिटिंग्ज, महिन्या-महिन्याच्या अंतराने. सहा-आठ महिन्यांनी तुम्हाला फरक दिसेल. दुसऱ्याला कदाचित दिसणारही नाही, कारण दुसरा इतका जवळून बघतच नाही."

"पाडव्यापर्यंत काही?"

"कुठल्या पाडव्यापर्यंत?"

"दिवाळीच्या."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मलम लिहून दिलं. तुळशीदासांनी शर्ट खोचला, आभार मानले आणि मान खालच्या वाडीकडे गेल्यात जमा आहे असं मनाशी धरून मुलुंडला परतले.

घरी मथुराबाई सोफ्यावर बसल्या होत्या, हातात फोन, चष्मा कपाळावर.

"अहो, इकडे या जरा. हे काय आलंय बघा." आणि त्यांनी वाचून दाखवलं. "'प्रिय नवमाता तुळशीदास, अभिनंदन. आपलं बाळ आज नऊ वर्षं चार महिन्यांचं झालं. आता स्वतःकडे लक्ष द्या.'" फोन बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "मी लक्ष देत्येय. बोला."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात तुळशीदास इतकं सलग कधी बोलले नव्हते. पत्र, रेघ, उघडं अंग, चौदा महिने, कॉफी, कांदा, हळद, सगळं बाहेर पडलं. मथुराबाई मध्ये एकदाही हसल्या नाहीत, आणि शेवटी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"म्हणजे कांदा नासला नव्हता," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "अहो, माझ्या पोटावर निलेशच्या वेळचे पट्टे आहेत, छत्तीस वर्षं झाली. मी कधी कोणाला बोरिवलीला पाठवलं? आणि तुमचे मला काय दिसत नव्हते? मला वाटलं, तुम्हाला माहीत आहेत."

"पण चारचौघांत, मथुरा. सगळ्या गावासमोर."

ते ज्या आवाजात म्हणाले, त्यावर मथुराबाईंचं हसू थांबलं. नवऱ्याला मान हवाय, आणि तो लाजेपायी तो सोडून देणार आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. त्या उठल्या, आत गेल्या, आणि त्यांना जे योग्य वाटलं ते त्यांनी केलं. त्यांनी भाऊंना फोन लावला आणि दसऱ्याला देवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं.

ज्यांचं गाव तळकोकणात नाही त्यांना गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगायला हवं. देवासमोर उभं राहून एक जण ठणठणीत आवाजात माणसाची अडचण मांडतो, आणि जमलेला सगळा गाव प्रत्येक वाक्याला होकार भरतो. मोघम बोलून चालत नाही. देवाला नेमकं कळलं पाहिजे. कुजबुजत घातलेलं गाऱ्हाणं अजून कोणी ऐकलेलं नाही. मथुराबाईंनी भाऊंना 'जरा हळू घाला' असं सांगितलं होतं, पण हे म्हणजे ढोल जरा हळू वाजवा म्हणण्यासारखंच.

शिवाय यंदा देवस्थानाने मुंबईकरांसाठी दसऱ्याचा सोहळा फोनवरून थेट दाखवायची सोय केली होती.

दसऱ्याच्या सकाळी तुळशीदास आणि मथुराबाई फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून बसले. नंदकुमार सोनं द्यायला आले होते, तेही बसले. देऊळ दिसलं, गर्दी दिसली, आणि पुढे येऊन भाऊंनी घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वाडीच्या म्हाराजा," भाऊ म्हणाले.

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"आज जो काय तुझो लेक तुळशीदास मुंबयत मुलुंडाक ऱ्हवता, तेच्या पोटार जे काय पांढरे पट्टे पडले आसत, ते दूर कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेका उघड्या आंगान पालखेक येवची लाज वाटता, ती लाज दूर कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेणा हळद लावल्यान, कांदो लावल्यान, कायेक उपेग झालो नाय. तेका यश दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," या खेपेला नंदकुमारही म्हणाले. सवयीने नव्हे, मनापासून.

"आणि तेचो जो काय बोरिवलीचो दोस्त आसा, एकटोच ऱ्हवता, तेचेय पट्टे दूर कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मथुराबाईंनी पदर तोंडाला लावला. "तो खरा वाटत होता हो, तेव्हाच मी भाऊंच्या कानावर घातलं होतं त्याचं," त्या म्हणाल्या. "आणि मग काढायचं राहून गेलं."

नंदकुमार हळूच तुळशीदासांकडे वळले. आधी पोटाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "म्हणजे बोरिवलीवाला," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. सल्ला न देता नंदकुमार गप्प बसल्याचा सोसायटीच्या इतिहासातला तो एकमेव प्रसंग.

तुळशीदासांना वाटलं होतं की, अशा वेळी माणसाला काहीतरी होतं. छातीत कळ वगैरे. काहीच झालं नाही. दुपारी श्रीखंड खाल्लं, तेही साखरेमुळे दोन चमचे. संध्याकाळी भाऊंचा फोन आला.

"अरे तुळशी, ऐकलंस मा? कौलपण घेतलो. उजवो लागलो."

कौल म्हणजे देवाच्या मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्या. उजवी आधी पडली की काम होणार. तुळशीदास घाईने म्हणाले, "भाऊ, उजवा कशाला?"

"कशाक म्हणजे? पट्टे जातले तुझे. आता पत्राचा उत्तर धाड बघू. साऱ्या गावाचा लक्ष तुझ्या पोटार आसा. दुकानार, एष्टीच्या थांब्यार, दुसरो विषय नाय. त्रिपुरीच्या जत्रेक सगळे बघूक येतले, गेले काय नाय ते."

म्हणजे आधी पट्टे दिसतील ही भीती होती. आता ते दिसले तर देवाचं नाव जाणार होतं. आणि गेलो नाही तर मान जाणार होता. तुळशीदासांनी फोन ठेवला आणि कार्ड काढून दोन्ही बाजू लिहून पाहिल्या. दोन्ही रकाने सारखेच भरले.

शेवटी डॉक्टर प्रांजलना फोन करून, "फक्त एका दिवसापुरते" जातील असं काही आहे का, विचारलं. झाकायचं मलम असतं, त्या म्हणाल्या, कातडीच्या रंगाचं, डाग लपवायला वापरतात. घामाचा भरवसा नाही. "एकदा घरी लावून, घाम येईपर्यंत फिरून बघा."

घामाची परीक्षा नंदकुमारांनी अंगावर घेतली. त्यांचा गप्पपणा एका दिवसात बरा झाला होता. रविवारी सकाळी गच्चीवर सोसायटीची लाकडी शिडी आणली. शिडीवर राधाबाईंच्या तांदळाची दहा किलोची पिशवी बांधली, ती देव. मागच्या टोकाला नंदकुमार, पुढच्या टोकाला तुळशीदास, धोतरात आणि उघड्या अंगाने. पोटाला रंगाचं मलम. गच्चीवर कोणी नसेल असं ठरलं होतं. वीस माणसं होती. गाऱ्हाण्याचा व्हिडिओ सगळ्यांकडे पोचलेला होता, त्यामुळे लपवण्यासारखं तसं काही उरलंही नव्हतं. कोणीतरी खुर्च्या लावल्या. अल्पेशही आला होता, क्रीमबद्दल नैतिक जबाबदारी वाटत असल्यामुळे.

"उचल," नंदकुमार म्हणाले.

तुळशीदासांनी उचललं. पहिली दहा पावलं त्यांचं सगळं लक्ष पोटावर होतं. अकराव्या पावलाला खांद्यात कळ आली. पंधराव्याला शिडी डावीकडे झुकली. सतराव्याला तांदूळ घसरले, तुळशीदास गुडघ्यावर बसले, आणि घामाबरोबर मलमाचे तपकिरी ओघळ धोतरावर उतरले. पट्टे पुन्हा जागच्या जागी, आता चिखलातून वर आलेल्या वाटांसारखे.

तुळशीदासांनी डोळे मिटून घेतले आणि हसण्याची वाट पाहिली.

"अरे, काय खांदा आहे का काय आहे तुझा," नंदकुमार मागून धापा टाकत म्हणाले. "सतरा पावलांत बसलास? देऊळ ते सडा किती आहे?"

"सव्वा किलोमीटर."

"वाट लागली मग. देव रस्त्यात ठेवणार तू."

"काका, दंड चिकटवून धरा ना शरीराला," अल्पेश म्हणाला. "तसा नाही. इथे दांडा, मानेच्या जवळ."

"ता तसा नाय," राधाबाई खुर्चीतून उठल्या. "माझो बापूस खांदेकरी होतो. पाय घसटत चालायचा. उचलून टाकलास की हिसको बसता. वाकू नका, कमरेत ताठ ऱ्हवा."

पुढचा अर्धा तास गच्चीवरचं प्रत्येक माणूस तुळशीदासांचा खांदा, मान, गुडघा आणि पाऊल याबद्दल बोललं. त्यांच्यात भांडणंही झाली. पोटाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ते सौजन्य म्हणावं तर सौजन्य या लोकांना माहीत नव्हतं. सतरा पावलांत बसणाऱ्या मानकऱ्यापुढे पट्टे हा विषयच लहान होता. तुळशीदासांना एकदम घाम सुटला, आणि हा घाम आधीच्यापेक्षा वेगळा होता. एक महिना आपण चुकीच्या गोष्टीला घाबरलो. घाबरण्यासारखी खरी गोष्ट खांद्यावर होती, आणि तिच्यासाठी फक्त साडेचार आठवडे उरले होते.

"पुन्हा उचलू या," ते म्हणाले.

दुसऱ्या खेपेला बत्तीस पावलं झाली.

तसेच खाली येऊन, धोतरावरच शर्ट चढवून, त्यांनी टेबलाशी बसून उत्तर लिहिलं. पहिलं फाडलं, कारण फार लांब झालं. दुसरं फाडलं, कारण त्यात मजकुरापेक्षा मायना मोठा होता. तिसरं असं होतं:

'आपले पत्र पावले. उत्तरास विलंब झाला, क्षमस्व. मान स्वीकारतो. पट्ट्यांविषयी खुलासा असा की ते जाणार नाहीत, मलम नेमाने लावल्यास सहा-आठ महिन्यांत फिके होतील असे डॉक्टरांचे मत आहे. गाऱ्हाण्यात मुदत घातलेली नसल्यामुळे देवाकडे कोणी बोट दाखवू नये. बोरिवलीचा मित्र अस्तित्वात नाही, तरी त्याचे नाव कमी करावे. ज्यांना पोट पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य पाहावे, परंतु चालताना मला कोणी हाक मारू नये, पावले चुकतात. मी आठ दिवस आधी येत आहे. सरावासाठी एक जड शिडी आणि मागच्या बाजूस एक न बोलणारा माणूस यांची व्यवस्था व्हावी.'

मथुराबाईंनी वाचलं. "माझं काही लिहिलं नाही?"

"काय लिहू?"

"मी पण येत्येय म्हणून. वहाणा कोण धरणार तुमच्या?"

तुळशीदासांनी ताजा कलम घातला.

रविवार होता म्हणून रात्रभर ते पाकीट टेबलावर राहिलं आणि सोमवारी सकाळी ते पोस्टात गेले. लाल पेटीच्या फटीत पाकीट अर्धं घातलं, थोडा वेळ धरून ठेवलं, आणि सोडलं. आत ते पडल्याचा आवाज आला, आणि लगेच हजार शंका आल्या. 'क्षमस्व' एकदाच पुरे का? 'न बोलणारा माणूस' हे भाऊंना लागेल का? आणि मूळ म्हणजे, बत्तीस पावलांच्या जोरावर सव्वा किलोमीटरचा होकार कोण देतं? ते तिथेच उभे राहिले. दहा वाजता पेटी उघडायला पोस्टमन किल्ली घेऊन आला तरी उभेच.

"काय धुरीकाका, काही चुकून पडलं का आत?" पोस्टमनने दार उघडत विचारलं. पाकीट अगदी वरच होतं, अक्षर ओळखू येईल असं. "तसं देता येत नाही, अर्ज करावा लागतो. पण तुम्ही आहात म्हणून काढून देतो, सांगा."

तुळशीदासांनी पाकिटाकडे पाहिलं. उजवा खांदा अजून ठणकत होता.

"नको," ते म्हणाले. "जाऊ दे ते."

पोस्टमनने सगळं टपाल पोत्यात लोटलं आणि पोतं खांद्यावर टाकलं. तुळशीदास त्याच्या खांद्याकडे, पोतं मानेच्या किती जवळ धरलंय तिकडे, तो वळून आत जाईपर्यंत बारकाईने बघत राहिले.